लेकीची ब्रांच, नागपूरचे डॉक्टर आणि टेलचं पाणी

बजाजनगरकर | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय घरचा आहे, पण विचार करता करता तो घराबाहेर गेला.

मुलीने नीट-पीजी दिली, एमबीबीएसनंतरच्या स्पेशालिस्टच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा. रँक बरा आलाय, महाराष्ट्रात कुठेतरी क्लिनिकल, म्हणजे पेशंट बघायची ब्रांच मिळेल इतपत. आता पसंतीक्रम भरायचा आहे आणि गेले आठ दिवस घरात दुसरं बोलणं नाही. तिचे मामा म्हणतात, रेडिओलॉजी मिळत असेल तर डोळे झाकून घे. शेजारच्या काकू म्हणतात, मुलीच्या जातीला स्किन बरं, रात्री उठावं लागत नाही. मुलगी गप्प होती. परवा जेवताना तिने हळूच भूलशास्त्राचं नाव काढलं, "बाबा, ॲनेस्थेशिया वरती टाकू का?" तिच्या आईचा घास हातातच राहिला.

मी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी पेंचच्या कालव्यावर. धरणात पाणी किती टक्के आहे ते पेपरात छापून येतं. शेतकऱ्याला त्याचं काही नसतं, तो विचारतो, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं का? डॉक्टरांचे आकडे वाचताना मला हेच आठवत राहिलं. २०१४ साली देशात ३८७ मेडिकल कॉलेजं होती आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा. जुलै २०२४ पर्यंत कॉलेजं ७३१ झाली, जागा १,१२,११२. पीजीच्या जागा ३१,१८५ वरून ७२,६२७ वर गेल्या. म्हणजे दहा वर्षांत साठा दुप्पट. सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितलं की आयुषचे डॉक्टर धरून ८३४ माणसांमागे एक डॉक्टर आहे. असेलही.

पण मागच्या पावसाळ्यात माझी पुतणी बाळंतपणासाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होती. रात्री दोनला बाळाचे ठोके उतरायला लागले, सिझर करावं लागणार होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम हजर, ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार, रक्ताची सोय झालेली. भूल द्यायला कोणी नाही. जे डॉक्टर येतात ते त्या रात्री दुसऱ्या तालुक्याला अडकले होते. शेवटी १०८ बोलावली आणि नागपूर गाठलं. मॅडम स्वतः गाडीत बसून आल्या, सबंध रस्ता पोटावर हात ठेवून. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप आहेत. पण पावसातल्या त्या रस्त्यावर मी मागच्या गाडीत होतो, आणि तो वेळ मी विसरू शकत नाही.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कोणत्या ब्रांचचे किती डॉक्टर तयार व्हावेत हे कोण ठरवतं? आणि नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत पाटीला पाटी लागलेली असताना साठ-सत्तर किलोमीटरवर भूल देणारा माणूस का नसतो? जाणकारांनी मोकळेपणी लिहावं.

वॉर्ड_२३ | रविवार, रात्री ११:४५

काका, मी इथल्याच एका सरकारी कॉलेजात मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे पीजी करता करता वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. आत्ताच ड्यूटीवरून आलो, झोपायच्या आधी लिहितो.

ठरवत कोणीच नाही. विदर्भाला दहा वर्षांनी किती भूलतज्ज्ञ लागतील, किती मानसोपचारतज्ज्ञ लागतील, असं गणित मांडून जागा निघत नाहीत. कॉलेजात त्या विषयाचे प्राध्यापक किती, खाटा किती, त्यावर पीजीच्या जागा मंजूर होतात. भरतात मात्र रँकने. वरच्या रँकची मुलं रेडिओलॉजी आणि मेडिसिन उचलतात, स्किनही लवकर जाते. मग बालरोग, स्त्रीरोग, ऑर्थो, सर्जरी. शेवटी उरतात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फोरेन्सिक. २०२३ मध्ये या उरलेल्या जागा भराव्यात म्हणून कट-ऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला, म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. तरी सगळ्या भरल्या नाहीत.

मुलं लोभी झालीत असं कृपया म्हणू नका. हिशेब बघा. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं पीजी, सरकारी सीट असेल तर एक वर्ष बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी. सुपरस्पेशालिटीला अजून तीन आणि पुन्हा एक वर्ष बाँड. झाली साडेतेरा. अठराव्या वर्षी आत आलेला मुलगा बत्तिशीला बाहेर पडतो. बाँड मोडला तर पीजीला ५० लाख दंड. तोवर बरोबरीच्या इंजिनिअर मित्रांची घरं झालेली असतात.

दुसरं म्हणजे रात्रीची भीती. रेसिडेंटची ड्यूटी सलग बारा तासांच्या वर आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर साधारणपणे नसावी असं १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय. मी मागच्या आठवड्यात सलग ३० तास उभा होतो. जो तीन वर्षं असं जगतो तो पुढच्या तीस वर्षांचा विचार करताना झोपेला किंमत देतोच. म्हणून स्किन, म्हणून रेडिओ.

तुमची मुलगी स्वतःहून ॲनेस्थेशिया म्हणते आहे तर तिला का ते विचारा. तिने काहीतरी पाहिलं असणार.

भूलवाला | सोमवार, सकाळी ६:२०

पहिली केस साडेसातला आहे, तेवढ्यात लिहितो. २२ वर्षं नागपुरात भूल देतोय.

आधी शहराचं सांगतो. नागपुरात भूलतज्ज्ञ भरपूर आहेत आणि बहुतेक माझ्यासारखे फिरते आहेत. सकाळी धंतोलीत हर्निया, तिथून रामदासपेठेत गुडघा, दुपारी सिझर, संध्याकाळी आणखी एक. गाडीच्या डिकीत बॅग, बॅगेत स्वतःचा लॅरिंगोस्कोप, श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचं उपकरण. पेशंटला सर्जनचं नाव आयुष्यभर आठवतं, आमचं त्याच दिवशी माहीत नसतं. त्याचं मला दुःख नाही. मी त्याच्या उशाशी बसतो, त्याचा श्वास माझ्या हातात असतो, आणि तो जागा होऊन "झालं का?" विचारतो तेव्हा माझं काम झालेलं असतं. कमाई चांगली आहे. दवाखाना टाकायचं कर्ज नाही.

आता तालुक्याचं. बजाजनगरकर, तुमच्या पुतणीच्या रात्री जे डॉक्टर दुसरीकडे अडकले त्यांच्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं. ग्रामीण रुग्णालयात एक भूलतज्ज्ञ नेमला की कागदावर पद भरलं. पण सिझर घड्याळ बघून येत नाही. एकच माणूस असेल तर तो वर्षाच्या ३६५ रात्री ड्यूटीवर असतो. त्याने लग्नाला जायचं नाही, आजारी पडायचं नाही. पहिलं वर्ष उत्साहात जातं, दुसऱ्या वर्षी तो राजीनामा देऊन धंतोलीत येतो. मी हे केलंय. माझा पहिला सरकारी कार्यकाळ चौदा महिन्यांचा. चौथ्या महिन्यापासून दर रात्री फोनच्या आवाजाने छातीत धडधड व्हायची. एका जागी चोवीस तास भूल मिळायची तर कमीत कमी तीन-चार जण लागतात, आणि तेवढ्यांना पुरेल एवढं काम एका तालुक्यात नसतं. खरी मेख इथे आहे. म्हणून मला वाटतं, दर तालुक्याला एक-एक नेमण्यापेक्षा दोन-तीन तालुक्यांमागे एक पूर्ण टीम बसवावी.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. पूर्वी दोन वर्षांची पदविका होती. भूल द्यायची डीए, बालरोगाची डीसीएच, स्त्रीरोगाची डीजीओ. माझ्या ओळखीत तालुक्याला टिकलेले बहुतेक डॉक्टर या पदविकेचेच आहेत. २०१८ मध्ये पदविकेच्या जागा पदवीत बदलायची मुभा मिळाली आणि कॉलेजांतून त्या झपाट्याने संपल्या. कागदावर दर्जा वाढला. पण एमडी झालेला मुलगा मोठ्या हॉस्पिटलच्या अपेक्षा घेऊन बाहेर पडतो आणि पदविकावाला तालुक्याच्या तयारीने पडायचा, हा फरक मोजला गेला नाही. २०२० पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाने शंभर खाटांच्या वरच्या रुग्णालयांत दोन वर्षांची पदविका पुन्हा सुरू केली, आठ विषयांत, त्यात भूलही आहे. जिल्हा रुग्णालयात शिकलेला मुलगा जिल्ह्यात राहायची शक्यता जास्त, म्हणून माझा तिला पाठिंबा आहे.

एमबीबीएस डॉक्टरला १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन सिझरपुरती भूल द्यायला शिकवायची योजनाही आहे. माझे बरेच सहकारी तिच्या विरोधात बोलतात. मी असे डॉक्टर पाहिलेत. मणक्यातली भूल सुरेख देतात. अडचण शिकण्यात नाही, नंतर आहे. मणक्याची भूल वर चढली, बीपी पडलं, श्वास अडकला, तर फोन करायला पाठीशी कोण? तो आधार दिला नाही तर शिकलेला माणूसही सुई हातात घ्यायला घाबरतो, आणि त्याने घाबरणं बरोबरच आहे.

निघतो. मुलीला माझ्याकडून सांगा, विचार चांगला आहे.

तुमसरची_माय | सोमवार, दुपारी १:०५

भूलवाले डॉक्टरसाहेब, तुमी लिवलं ते वाचून डोये भरून आले. आमच्या इकडं कोनी सीरियस झालं का पयला शब्द "नागपूरले न्या." मंग गाडी कोनाची, पैसे कोनाचे, रातच्याले सोबत कोन जाईन, इथूनच सुरू होते. मेडिकलले, मंजे नागपूरच्या सरकारी कॉलेजच्या दवाखान्यात, गेलो का तिथं बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे, राजनांदगावचे लोक आमच्या आंधीचे बसून रायतात. डॉक्टरलोक बिचारे धावत रायतात, त्याईचा दोष नाई. मले एवढंच समजत नाई का भंडाऱ्याले आता सरकारी मेडिकल कॉलेज झालं, तं मंग आमाले अजून नागपूरले काऊन या लागते?

क्षकिरण | सोमवार, दुपारी ३:३०

रेडिओलॉजीबद्दल बोललं जातंय म्हणून लिहिते. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रामदासपेठेत बसते. आम्ही रात्री झोपतो हा समज चुकीचा. डोक्याला मार लागलेला पेशंट रात्री तीनला येतो, त्याचा सीटी कोणीतरी वाचतंच. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा. सोनोग्राफी मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म एफ. फॉर्म भरताना राहिलेल्या चुकीवर खटले झालेत. कायदा हवाच होता, मी त्याच्या बाजूची आहे, पण ही खुर्ची आरामाची नाही.

मला बजाजनगरकरांच्या टेलच्या उदाहरणावर एक सांगायचं आहे. माझं काम तारेवरून जातं. चंद्रपूरला काढलेला सीटी मी नागपुरात बसून वीस मिनिटांत वाचून देते. गोंदियाचा एमआरआय, गडचिरोलीचा एक्स-रे, तसंच. म्हणजे रेडिओलॉजिस्ट शहरात गोळा झाले तरी रिपोर्ट टेलपर्यंत पोचतो. स्किनचंही बऱ्यापैकी फोटोवर चालतं. मानसोपचार व्हिडिओवर बऱ्याच अंशी होतो. पण भूल, बाळंतपण, हाड बसवणं, अपेंडिक्स यांना माणूसच तिथे असावा लागतो. डॉक्टर किती ते मोजताना या दोन प्रकारच्या ब्रांच वेगळ्या मोजायला हव्यात असं मला फार दिवसांपासून वाटतं. सगळ्यात हुशार मुलं तारेवरून जाणाऱ्या ब्रांच घेताहेत आणि तिथे हजर राहावं लागणाऱ्या ब्रांच मागे पडताहेत. ही माझी स्वतःच्या ब्रांचविरुद्धची साक्ष समजा.

आणि आता एआय येतंय, रेडिओलॉजी घेऊ नका, असं मुलांना सांगणाऱ्यांसाठी: एआयचे मोठे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्येच सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट शिकवणं थांबवा. आज मला मदतनीस डॉक्टर मिळत नाही. भीतीने ब्रांच निवडू नये.

पीएसएमवाले_सर | सोमवार, रात्री ८:१५

तुमसरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण त्यात सगळं आलं.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात विदर्भातली भंडारा, गडचिरोली, अमरावती, बुलढाणा, वाशीम ही पाच. चंद्रपूर २०१५ चं, गोंदिया २०१६ चं. नागपुरात मेडिकल १९४७ पासून आहे, मेयो त्याहून जुनं रुग्णालय, एम्स २०१८ पासून, आता मिहानमध्ये. कॉलेज आलं की पहिल्या वर्षाला विद्यार्थी येतात. तो विद्यार्थी स्पेशालिस्ट होऊन ताईंच्या तालुक्यात उभा राहायला किमान नऊ-दहा वर्षं. ताई, भंडाऱ्याचं कॉलेज आत्ता रोप आहे.

आणि रोपाला पाणी घालणार कोण? मी ज्या नॉन-क्लिनिकल विषयांत आयुष्य घालवलं त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, ते वर रेसिडेंटने लिहिलंच आहे. आज ॲनाटॉमीत एमडी करणारा मुलगा नसेल तर उद्या नव्या कॉलेजात शरीररचना शिकवायला माणूस नाही. डॉक्टरांच्या तुटवड्याची सुरुवात शिकवणाऱ्यांच्या तुटवड्यात आहे. मी आमच्या विभागात दोन वर्षं सलग पीजीची एक जागा रिकामी पाहिली. त्या खोलीत विद्यार्थ्याची खुर्ची तशीच असायची.

आता आकडे. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालात सामुदायिक आरोग्य केंद्रांचा, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीचा हिशेब आहे. तिथे चार स्पेशालिस्ट हवेत. देशभरात सर्जनची कमतरता ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१.६, फिजिशियनची ७९.१, स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२. चौघांची मिळून ७९.५ टक्के. म्हणजे पाच खुर्च्यांतल्या चार रिकाम्या. आणि या चौघांच्या बेरजेत भूलतज्ज्ञ येतच नाही. चारही माणसं भरली तरी बजाजनगरकरांच्या पुतणीला नागपूरला यावं लागलं असतं.

मानेवाडा_रोड | सोमवार, रात्री १०:४०

इथे सिझर आणि सर्जरीबद्दल बोलणं चालू आहे, मी दोन विसरलेल्या ब्रांच आणते.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी होते, कार्ड मिळतं. कार्ड मिळाल्यावर पुढे कोण? आम्हाला रक्तविकारांचा खास डॉक्टर सापडेपर्यंत मुलगा अकरा वर्षांचा झाला होता. तोवर दुखणं उठलं की सलाईन आणि घरी. त्याच्या खुब्याचं हाड तेवढ्यात खराब झालं. एमडीनंतर डीएम करून रक्तविकार शिकणारी मुलं मुळात थोडी, आणि त्यातली विदर्भात येणारी आणखी थोडी.

दुसरी ब्रांच मानसोपचार. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं नागपूरचं, तेही १८६४ पासूनचं. देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ, हवेत तीन. माझ्या दिराच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या घरांत काय चाललंय ते आपण रोज वाचतो. तिथल्या माणसाला बोलायला डॉक्टर नाही. ताई, काका, कोणाच्या मुलाने ही ब्रांच घेतली तर त्याला "वेड्यांचा डॉक्टर" म्हणू नका, एवढं हात जोडून.

अभ्यंकरनगर_आई | मंगळवार, सकाळी ९:००

मी वेगळं बोलणार आहे. माझा मुलगा बालरोगतज्ज्ञ आहे. बाँडचं वर्ष त्याने एका आदिवासी तालुक्यात केलं. राहायला क्वार्टर होतं, त्याला दार नव्हतं. एका रात्री फार उशिरा आणलेलं बाळ गेलं आणि नातेवाइकांनी त्याला मारलं. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे राज्यात. तक्रार झाली, पुढे काही नाही. तो आता नागपुरातच असतो आणि मी त्याला परत जा म्हणणार नाही.

रिकाम्या खुर्च्यांचं ओझं पंचवीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर का टाकता? बजाजनगरकर, तुमच्या मुलीला रेडिओलॉजी मिळत असेल आणि ती आनंदाने करणार असेल तर करू द्या. टेलला पाणी नेणं कालव्याचं काम आहे. थेंबाचं नाही.

झाडीपट्टीतला_सर्जन | मंगळवार, दुपारी ४:२५

अभ्यंकरनगरच्या ताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि तरी मी गडचिरोली जिल्ह्यात राहून लिहितोय, म्हणून थोडं ऐका.

मी नऊ वर्षं इथे आहे. टिकलो कारण एकटा नव्हतो. माझी बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि आमच्याबरोबर एक भूलतज्ज्ञ मित्र आला. तिघं मिळून आलो. पहिली तीन वर्षं आम्ही जे केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो: फुटलेली आतडी, अस्वलाने फाडलेला चेहरा, गर्भाशय फाटलेली बाई, सगळं वाचलं. मग मित्राच्या मुलीच्या शाळेचा प्रश्न आला, तो नागपूरला गेला. बरोबरच केलं त्याने. त्या दिवसापासून मी सर्जन असून नसल्यासारखा. हात तेच, ओटी तीच. मोठी केस नागपूरला रेफर करतो. आठवड्यात दोन दिवस भूल द्यायला बाहेरून डॉक्टर येतात, त्या दोन दिवसांत ठरलेल्या केसेस करतो. इमर्जन्सी त्या दोन दिवसांचीच वाट बघत नाही.

सरकार जाहिरात काढतं तेव्हा एकेक पद वेगळं काढतं. सर्जनचं एक, भूलतज्ज्ञाचं एक, बालरोगाचं एक, तीही तीन वेगळ्या गावी. त्याऐवजी एका गावी सगळी टीम एकदम द्या. क्वार्टरला दार द्या. शाळेची सोय बघा. हेमलकशात १९७३ पासून लोक टिकले आहेत ते एकमेकांच्या आधाराने. डॉ. बंगांच्या 'सर्च' संस्थेत शस्त्रक्रियांच्या शिबिरांना बाहेरून टीमच येते, एकटा सर्जन येत नाही.

लीड्सहून | मंगळवार, रात्री ११:५०

मेडिकलचाच विद्यार्थी, आता इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. इथे कोणत्या ब्रांचच्या किती ट्रेनिंग जागा ते देशपातळीवर ठरतं. जीपीचं तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आहे, तो उरलेल्यांचा पर्याय मानत नाहीत. आणि ज्या भागात कोणी जात नाही तिथे ट्रेनिंग घेणाऱ्याला २०,००० पौंड एकरकमी देण्याची योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तरी किनाऱ्याकडच्या गरीब गावांत डॉक्टर मिळायला त्रास आहेच. अमेरिकेत २०२४ ला बालरोगाच्या रेसिडेन्सीच्या जागा एरवीपेक्षा जास्त रिकाम्या राहिल्या. म्हणजे फक्त पैशाने होत नाही, पण मोजून ठरवल्याशिवाय तर मुळीच होत नाही. आपल्याकडे फॅमिली मेडिसिनला पीजी म्हणून मान मिळाला तर तुमसरच्या ताईंच्या निम्म्या फेऱ्या वाचतील असं मला मनापासून वाटतं.

वॉर्ड_२३ | बुधवार, पहाटे २:१०

झाडीपट्टीतले सर, आता पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. मी जाऊन आलो. आधी आम्ही सगळे वैतागलो होतो. तिथे एका फिजिशियन सरांनी एकट्याने पूर्ण वॉर्ड सांभाळताना पाहिलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी इथे उपयोगी पडू शकतो. पण एकटा नाही जाणार. तुमचं टीमचं म्हणणं मी होस्टेलमध्ये वाचून दाखवलं. ऑर्थोची एक मैत्रीण आणि भूलचा एक मित्र, आम्ही तिघं त्यावर तासभर बोललो.

बजाजनगरकर | गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पसंतीक्रम काल लॉक झाला. अभ्यंकरनगरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी घरात मोठ्याने वाचलं. तिची आई रडली आणि म्हणाली, या बाईंचं बरोबर आहे. मुलगी म्हणाली, मला दोन ओळी लिहू द्या. पुढचं तिचं.

नमस्कार. बाबांच्या खात्यातून लिहितेय. वॉर्ड_२३ दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंगला असताना एक बाई आली, नाळ आधी बाहेर आलेली. मॅडम हात धुऊन उभ्या होत्या. मी इंटर्न, मला भूल देता येत नव्हती. बाकी सगळे होते, म्हणजे मी सोडून कोणाचीही कमी नव्हती असं मला त्या क्षणी वाटलं. ते बाळ गेलं. मला कोणी दोष दिला नाही, मीही देत नाही. पण त्या टेबलाच्या उशाकडची जागा रिकामी होती ती मला दिसत राहते. म्हणून मी पहिल्या क्रमांकावर बालरोग टाकलंय, कारण ते मला खूप आवडतं, आणि दुसऱ्यावर, स्किन आणि रेडिओच्या वर, ॲनेस्थेशिया. अभ्यंकरनगरच्या काकू, मी कोणावर उपकार करायला जात नाहीये आणि दार नसलेल्या क्वार्टरमध्ये राहणार नाही, आईला तसं वचन दिलंय. भूलवाले सर, मिळालीच तर सुरुवात कशी करू?

भूलवाला | गुरुवार, रात्री १०:०५

बेटा, पहिले सहा महिने पुस्तक कमी आणि मास्क जास्त. मास्कने श्वास देणं नीट आलं की निम्मी भीती जाते. नळी घालणं नंतर येतंच. प्रत्येक केसच्या आधी मशीन स्वतः तपास, तंत्रज्ञाने तपासलं असलं तरी. सक्शन चालू आहे का ते बघितल्याशिवाय पेशंटला झोपवू नकोस. चांगले बूट घे, दिवसभर उभं राहावं लागतं. पेशंटचं नाव विचार आणि झोपवताना त्याच नावाने हाक मार. आणि मास्क धरण्याचा सराव करायचा असेल तर रविवारी फोन कर, माझ्याकडे पुतळा आहे.

झाडीपट्टीतला_सर्जन | शुक्रवार, सकाळी ७:४०

आणि तीन वर्षांनी, जमलं तर, दोन दिवस पाहुणी म्हणून ये. राहायची खोली आमच्या घरात आहे, दाराला कडी आहे. सोबत आईलाही आण.